प्रस्तावना: कोणते औषध, कोणत्या मुलाला?

तीन वर्षांच्या मुलाला सर्दी होते. दुसऱ्या रात्री छाती घरघरू लागते, श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडतो आणि आईवडील त्याला उचलून दवाखाना गाठतात. तिथे नेब्युलायझरचा मास्क लावून वाफ दिली जाते आणि तासाभरात मूल खेळायला लागते. वर्षात असे चार वेळा झाले की प्रश्न पडतो पुढचा. एक डॉक्टर स्टिरॉइडचा पंप रोज घ्यायला सांगतात. दुसरे म्हणतात, रोज कशाला, सर्दी झाली की सुरू करा. तिसरे रात्री झोपताना मॉन्टेलुकास्ट लिहून देतात. चौथ्यांच्या मते काहीच नको, पाच-सहा वर्षांचा झाला की आपोआप थांबेल. या चारही सल्ल्यांमागे कुठला ना कुठला अभ्यास उभा आहे. ‘पंपाची सवय लागते’ या आजीच्या म्हणण्यामागे तसा अभ्यास नाही. पण घरात शेवटचा शब्द बहुधा तिचाच असतो.

शाळेत जाण्याआधीच्या वयातला दमा आणि त्यावरची सूज कमी करणारी औषधे हा या पुस्तकाचा विषय. विषय अरुंद वाटेल, पण बालवैद्यकात इतकी वर्षे, इतक्या चाचण्या होऊनही इतका वाद शिल्लक राहिलेले विषय थोडेच आहेत.

वादात शिरण्यापूर्वी एक फरक ध्यानात ठेवायला हवा. दम्यात दोन गोष्टी घडतात. श्वासनलिकांभोवतीचे स्नायू आवळतात आणि नलिकांच्या आतल्या अस्तराला सूज येऊन तिथे चिकट स्राव साठतो. साल्ब्युटामॉलसारखे औषध स्नायू सैल करते आणि ते काही मिनिटांत जाणवते. सुजेवरची औषधे सावकाश काम करतात, त्यांचा गुण दिवसांत आणि आठवड्यांत मोजायचा असतो. पहिले औषध आज रात्रीसाठी, दुसरे पुढच्या महिन्यासाठी. अस्थालिनचा (साल्ब्युटामॉलचा) पंप आणि ब्युडेकॉर्टचा (सुजेवरचा) पंप यांत गल्लत होते ती इथेच. एकाने लगेच बरे वाटते, दुसऱ्याने तसे काही वाटत नाही, म्हणून दुसरा ‘लागू पडत नाही’ असे ठरवून कपाटात जातो.

लहान मुलांच्या बाबतीत सुजेला जास्त महत्त्व आहे ते भौतिकशास्त्रामुळे. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर, प्रवाह संथ असताना, तिच्यातला विरोध सोळा पट होतो. मोठ्या माणसाच्या रुंद श्वासनलिकेत थोडी सूज खपून जाते. दोन वर्षांच्या मुलाच्या बारीक नलिकांत तेवढीच सूज आली, तर छाती वाजू लागते. त्यामुळे या वयात छाती वाजली म्हणजे दमाच, असे म्हणता येत नाही. आणि सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो.

सुजेवरच्या औषधांचा इतिहास मात्र मोठ्यांच्या दम्यापासून सुरू होतो. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णांना कॉर्टिसोन दिले आणि अंथरुणाला खिळलेली माणसे चालू लागली. दोनच वर्षांनी हेंच, केंडल आणि राइखस्टाइन यांना नोबेल मिळाले. दम्यावरही स्टिरॉइड जादूसारखे चालते हे लवकरच दिसले. त्याची किंमतही दिसली. सुजलेले चेहरे, ठिसूळ हाडे, खुंटलेली उंची. स्टिरॉइडबद्दलची धास्ती आज घराघरांत आहे. तिची मुळे या गोळ्यांच्या आणि इंजेक्शनांच्या काळात आहेत, आणि त्या काळापुरती ती धास्ती रास्तच होती.

सुटकेचे दोन मार्ग निघाले. पहिला मार्ग रॉजर अल्तुन्यान या डॉक्टरचा. सीरियातल्या अलेप्पोत जन्मलेला हा माणूस स्वतः दमेकरी, आणि त्याला गिनीपिगची ॲलर्जी. इंग्लंडमधल्या औषधकंपनीत काम करताना तो गिनीपिगच्या केसांचा अर्क हुंगून स्वतःला दम्याचा झटका आणायचा आणि मग नवी रसायने स्वतःवरच तपासायचा. पूर्व भूमध्य भागातल्या एका वनस्पतीतल्या खेलिन या द्रव्यापासून निघालेल्या रसायनांच्या मालिकेतून क्रोमोग्लिकेट हाती आले आणि १९६८ मध्ये ते इंटाल या नावाने बाजारात आले. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांना शिकवणाऱ्या अल्तुन्यानने त्याची भुकटी फुप्फुसात पोचवण्यासाठी फिरत्या पंख्याचे उपकरणही बनवले. औषध अतिशय निर्धोक असल्याने पुढची वीस-पंचवीस वर्षे मुलांच्या दम्यात त्याचा दबदबा राहिला. शतक संपता संपता जुन्या चाचण्यांची एकत्र छाननी झाली, तेव्हा लहान मुलांत खोट्या औषधापेक्षा त्याचा फारसा जास्त गुण दिसला नाही. औषध निर्धोक आहे यावरच इतकी वर्षे समाधान मानले गेले, ते उपयोगी आहे का हे विचारायला उशीर झाला. या क्षेत्रात ही चूक एकदाच झालेली नाही.

दुसरा मार्ग होता स्टिरॉइड रक्तात न जाता थेट छातीत नेण्याचा. १९७२ मध्ये बेक्लोमेथासोनच्या फवाऱ्याचे परिणाम ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आले आणि गोळीवर अवलंबून असलेल्या अनेक रुग्णांची गोळी सुटली. पुढे ब्युडेसोनाइड आणि फ्लुटिकासोन आले. या औषधांचे डोस मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, गोळीचे मिलिग्रॅममध्ये. हजारपट लहान एकक. ‘स्टिरॉइड’ हा एकच शब्द ऐकून घाबरणाऱ्या पालकाला एवढी एक गोष्ट समजली तरी अर्धे काम होते.

तिसरे घराणे स्टॉकहोमहून आले. कॅरोलिन्स्का संस्थेत बेंग्ट सॅम्युएलसन यांनी १९७९ मध्ये ल्युकोट्राइन या रेणूंची ओळख पटवली. श्वासनलिका आवळणारा आणि सुजवणारा हा मोठा अपराधी होता. सॅम्युएलसन यांना १९८२ मध्ये इतर दोघांसोबत नोबेल मिळाले आणि १९९८ मध्ये अमेरिकेत ल्युकोट्राइनला अडवणारे मॉन्टेलुकास्ट विक्रीस आले. चघळायची गोळी, दिवसातून एकदा, स्टिरॉइड नाही. पालकांना आणखी काय हवे?

औषधे अशी तयार होत असताना मूळ प्रश्नाकडे बघणारे लोक ॲरिझोनाच्या वाळवंटात होते. टक्सन शहरात १९८० पासून जन्मलेल्या १,२४६ बाळांची नोंद ठेवायला सुरुवात झाली. फर्नांडो मार्टिनेझ आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये त्यांपैकी ८२६ मुलांच्या पहिल्या सहा वर्षांचा हिशेब मांडला. जवळजवळ निम्म्या मुलांची छाती सहा वर्षांच्या आत केव्हा ना केव्हा वाजली होती. त्यांतल्या सर्वांत मोठ्या गटात, म्हणजे एकूण मुलांच्या सुमारे २० टक्क्यांत, वयाच्या तीन वर्षांच्या आत वाजली आणि सहाव्या वर्षी थांबलेली होती. सुमारे १४ टक्क्यांत लहानपणी सुरू झाली ती सहाव्या वर्षीही चालूच होती. उरलेल्या १५ टक्क्यांत उशिरा सुरू झाली. ‘मोठा झाला की जाईल’ म्हणणारे आणि ‘आत्ताच बंदोबस्त करा’ म्हणणारे, दोघेही खरे बोलत होते. फक्त वेगवेगळ्या मुलांबद्दल.

मग ही मुले वेगळी कशी काढायची? मोठ्यांना नळीत फुंकायला सांगून फुप्फुसाची ताकद मोजता येते. दोन वर्षांच्या मुलाला फुंक म्हटले तर ते हसते किंवा रडते. टक्सनच्याच माहितीवरून २००० मध्ये एक आडाखा तयार झाला. मुलाची छाती वारंवार वाजते, आणि आईवडिलांपैकी कुणाला दमा किंवा मुलाला इसब असेल, तर पुढे दमा होण्याची शक्यता जास्त. रक्तातल्या इओसिनोफिल पेशी वाढलेल्या असणे, सर्दी नसतानाही छाती वाजणे, ॲलर्जीची सर्दी असणे या दुय्यम खुणा. युरोपातल्या तज्ज्ञांनी २००८ मध्ये वेगळी विभागणी सुचवली. फक्त विषाणूच्या सर्दीबरोबर वाजणारी छाती एकीकडे आणि धूळ, हसणे, धावणे, रडणे अशा अनेक कारणांनी वाजणारी दुसरीकडे. ही विभागणी सुटसुटीत होती, पण मुले तिला जुमानेनात. या वर्षी एका गटातले मूल पुढच्या वर्षी दुसऱ्यात सापडे. सहा वर्षांनी त्याच तज्ज्ञांच्या गटाने आपली भाषा बरीच सौम्य केली.

या क्षेत्राला सर्वांत मोठा धक्का बसला तो २००६ साली. तोपर्यंत अनेकांची अशी आशा होती की सूज लवकर आणि नेटाने दाबली तर पुढचा दमा टळेल. एकाच वर्षी तीन चाचण्यांनी ती आशा मोडली. अमेरिकेत दमा होण्याची शक्यता जास्त असलेल्या २८५ मुलांना दोन वर्षे रोज फ्लुटिकासोन किंवा खोटे औषध दिले. औषध चालू होते तोवर मुलांचे चांगले दिवस वाढले, झटके कमी झाले. औषध थांबवून एक वर्ष पाहिले, तेव्हा दोन्ही गटांत फरक उरला नव्हता. कोपनहेगनमध्ये छाती वाजेल तेव्हाच ब्युडेसोनाइड देऊन पाहिले, मँचेस्टरमध्येही लवकर सुरुवात करून पाहिले. पुढच्या दम्याबाबत निष्कर्ष तोच. पंप आजचा त्रास कमी करतो, उद्याचा दमा अडवत नाही.

या पुस्तकाची सारी मांडणी त्या निष्कर्षावर उभी आहे. पंप भविष्यासाठी नसेल, तर तो देण्याचे कारण एकच उरते: हे मूल आत्ता किती त्रासात आहे? आणि मग तुलना करायची ती आजच्या सुखाची आणि आजच्या किमतीची.

त्यानंतरची पंधरा वर्षे ही तुलनेचीच वर्षे आहेत. रोजच्या पंपाचा पक्ष सर्वांत भक्कम. अनेक चाचण्या एकत्र करून २०१६ मध्ये केलेल्या विश्लेषणात, तोंडाने स्टिरॉइड द्यावे लागेल असा मोठा झटका रोजच्या पंपाने सुमारे ३० टक्क्यांनी कमी होताना दिसला. वेगळ्या शब्दांत, नऊ मुलांनी रोज पंप घेतला तर एकाचा मोठा झटका टळतो. आकडा चांगला आहे, पण उरलेल्या आठांनाही पंप रोज घ्यावा लागतो हे त्यातच आले.

‘गरजेपुरता’ पक्ष म्हणतो, मूल दोन सर्द्यांच्या मधे ठणठणीत असेल तर रोज औषध कशाला? २०११ च्या एका अमेरिकी चाचणीत २७८ मुलांपैकी निम्म्यांना रोज रात्री थोडे ब्युडेसोनाइड आणि निम्म्यांना सर्दी सुरू होताच सात दिवस मोठा डोस दिला. झटक्यांत फरक पडला नाही, आणि दुसऱ्या गटाला वर्षभरात एकूण औषध सुमारे एक तृतीयांशच लागले. मात्र मोठ्या डोसलाही मर्यादा आहे. कॅनडातल्या २००९ च्या चाचणीत सर्दीच्या वेळी फ्लुटिकासोनचा फार मोठा डोस दिल्याने तोंडाने स्टिरॉइड देण्याची गरज निम्म्यावर आली, पण मुलांची उंची आणि वजन कमी वाढले. संशोधकांनीच तो उपाय नेहमीसाठी नको म्हणून सांगितले.

मॉन्टेलुकास्टची गोष्ट चढउतारांची. २००५ मध्ये ५४९ मुलांत रोज वर्षभर दिल्यावर झटके सुमारे ३२ टक्क्यांनी घटले आणि गोळी लोकप्रिय झाली. पुढे ब्रिटनमध्ये साडेतेराशे मुलांत सर्दीपुरते देऊन पाहिले तेव्हा २०१४ मध्ये हाती शून्य आले. मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या औषधावर सर्वांत कडक, चौकटीतला इशारा छापायला लावला. वाईट स्वप्ने, चिडचिड, नैराश्य, आत्महत्येचे विचार. ‘स्टिरॉइड नाही म्हणजे निर्धोक’ हे समीकरण तिथे संपले. आपल्याकडे ही गोळी आणि तिचे सिरप, बहुतेकदा ॲलर्जीवरच्या लेव्होसेटिरिझिनच्या जोडीने, साध्या सर्दीलाही सर्रास दिले जाते. आठवडाभर रात्री दचकून उठणाऱ्या मुलाच्या चिडचिडीचा संबंध त्या गोड औषधाशी लावायचे कुणाच्या मनातही येत नाही.

तोंडाने देण्याच्या स्टिरॉइडबद्दलही मतभेद आहेत, पण तो वाद रुग्णालयातला आहे. ब्रिटनमध्ये २००९ मध्ये सुमारे ७०० मुलांत विषाणूच्या घरघरीवर प्रेडनिसोलोनचा उपयोग दिसला नाही, तर पर्थमध्ये २०१८ मध्ये सुमारे ६०० मुलांत रुग्णालयातला मुक्काम जवळपास तीन तासांनी कमी झाला. अझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाचाही सूज कमी करण्यासाठी विचार झाला. २०१५ च्या अमेरिकी चाचणीत त्याने सर्दीचे गंभीर आजारात रूपांतर होणे कमी केले. ज्या देशात प्रतिजैविके आधीच दुकानावर चण्याफुटाण्यांसारखी मिळतात, तिथे हा निष्कर्ष फार जपून वाचायला हवा.

या सगळ्या चाचण्यांना एक खोट होती. त्या सरासरी सांगत होत्या. सरासरी मूल दवाखान्यात येत नाही, येते ते एक विशिष्ट मूल. २०१६ मध्ये आलेल्या एका अमेरिकी अभ्यासाने हा पेच सरळ हाताळला. एक ते पाच वर्षांच्या ३०० मुलांना सोळा-सोळा आठवड्यांच्या तीन फेऱ्यांत तिन्ही उपाय दिले: रोजचा पंप, गरजेपुरता पंप आणि रोजचे मॉन्टेलुकास्ट. प्रत्येक मुलाची तुलना त्याच्याशीच. ज्या २३० मुलांची माहिती पुरेशी मिळाली, त्यांतल्या ७४ टक्क्यांना तिन्हींपैकी कुठले तरी एक इतरांपेक्षा स्पष्टपणे जास्त मानवले. त्यांत रोजच्या पंपाचा क्रमांक पहिला. पण ही आघाडी मुख्यतः हवेतल्या ॲलर्जीकारकांना संवेदनशील असलेल्या आणि रक्तात इओसिनोफिल दर मायक्रोलिटरला ३०० किंवा अधिक असलेल्या मुलांमुळे होती. ज्या मुलांत या दोन्ही खुणा नव्हत्या, त्यांच्यात कुठल्याच उपायाने निर्विवाद बाजी मारली नाही. साध्या रक्ततपासणीने आणि ॲलर्जीच्या तपासणीने चिठ्ठी बदलू शकते, हे या अभ्यासाने दाखवले. या पुस्तकाच्या मते गेल्या दोन दशकांतली ही सर्वांत उपयोगी चाचणी आहे, आणि प्रस्तावना लिहिणाऱ्याचे मतही वेगळे नाही.

आता उंचीबद्दल, कारण पालक सर्वांत आधी विचारतात ते हेच. २००६ च्या अमेरिकी चाचणीत रोज पंप घेणारी मुले दोन वर्षांअखेर १.१ सेंटिमीटरने कमी वाढली होती. औषध थांबवल्यानंतरच्या वर्षात हा फरक ०.७ वर आला. पाच वर्षांपुढच्या मुलांच्या एका वेगळ्या अभ्यासात प्रौढ वयात सुमारे १.२ सेंटिमीटरची घट कायम राहिली. हे लपवण्यासारखे नाही आणि फुगवण्यासारखेही नाही. वारंवार तोंडाने घ्यावे लागणारे स्टिरॉइड आणि झोपेविना गेलेल्या रात्रीही वाढीवर परिणाम करतात. सेंटिमीटरभर उंची एका पारड्यात घालायची तर दुसऱ्या पारड्यात काय आहे, ते प्रत्येक मुलापुरते बघावे लागते.

मराठी वाचकासाठी हा विषय आज निकडीचा का आहे? शहरांतली बांधकामाची धूळ आणि वाहनांचा धूर, गावाकडच्या चुली, आणि दोन्हीकडे उशाशी जळणारी डासांची कॉइल. २००३ च्या एका अभ्यासानुसार एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडतात. घरात कॉइल आणि कपाटात पंप, असा संसार चालू असेल तर औषधांची कुठलीही तुलना व्यर्थ आहे. शिवाय औषध फुप्फुसात पोचते की नाही, हा औषधाच्या निवडीइतकाच मोठा प्रश्न आहे. रडणाऱ्या मुलाच्या तोंडासमोर धरलेला फवारा बहुतांशी हवेत आणि घशात जातो. मास्क घट्ट बसलेला स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांमधली पोकळ नळी, लागतो, आणि तो महाग पडत असेल तर उपाय आहे: दक्षिण आफ्रिकेतल्या हेदर झार यांनी १९९९ मध्ये अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक बाटलीपासून बनवलेला स्पेसर मुलांत बाजारच्या स्पेसरइतकाच चालतो असे दाखवून दिले. घरोघरी विकत घेतलेल्या नेब्युलायझरच्या तुलनेत तो हलका, स्वस्त, आणि त्याला वीज लागत नाही.

पुस्तक कुणाची बाजू घेत नाही असे म्हणणे खोटे ठरेल. वारंवार, मोठे झटके येणाऱ्या आणि ॲलर्जीच्या खुणा असलेल्या मुलात ते रोजच्या कमी डोसच्या पंपाच्या बाजूने आहे. फक्त सर्दीबरोबर घरघरणाऱ्या, एरवी निरोगी मुलात ते गरजेपुरत्या उपायाला आणि कधी निव्वळ वाट पाहण्यालाही मान देते. मॉन्टेलुकास्टला ते पहिल्या रांगेत बसवत नाही. आणि कुठलाही उपाय दोन-तीन महिन्यांनी तपासून, गुण नसेल तर थांबवावा, या आग्रहावर ते वारंवार परतते. कारण या वयात औषध सुरू करण्यापेक्षा थांबवण्याचाच विसर जास्त पडतो. आकडे जिथे आहेत तिथे ते मुलांच्या संख्येत मांडलेले आहेत. टक्केवारीने प्रभाव पाडण्याचा प्रयत्न कुठे नाही. विद्यार्थी डॉक्टरांना काही प्रकरणे सोपी वाटतील, पालकांना काही अवघड. पालकांनी अवघड पाने ओलांडून पुढे जायला हरकत नाही.

एक विनंती मात्र आहे. हे पुस्तक वाचून कुणी मुलाचा चालू पंप आपल्या मनाने बंद करू नये किंवा नवा सुरू करू नये. पुढच्या भेटीला पंप आणि स्पेसर दोन्ही पिशवीत घालून न्यावेत आणि डॉक्टरांसमोर मुलाला एकदा देऊन दाखवावे. मूल दोन शब्द सलग बोलू शकत नसेल, दूध पिऊ शकत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर पुस्तक बाजूला ठेवून तडक रुग्णालय गाठावे.